टपालातली मतं

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
गुरुवार, २७ सप्टेंबर २००७

प्रिय ताई,

फोन सोडून मी पत्र लिहिते आहे, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुम्ही पाकीट फोडण्याआधीच ओळखलं असेल. घरचा फोन दिवसभर चंद्रहासच्या कानाला असतो, आणि ई-मेलचा पत्ता आमचा दोघांचा एकच. तुमचं उत्तरही घरी नको, मी काम करते त्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता मागे लिहिलाय.

कौन्सिलच्या निवडणुकीला सोळा दिवस राहिले, आणि चंद्रहास पुन्हा उभा आहे. इथे मतदानाला जायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मतपत्रिका टपालाने घरी येते, भरायची आणि टपालाने परत पाठवायची. या आठवड्यात सगळ्यांच्या घरी पाकिटं आली. तेव्हापासून तुमचा भाऊ जेवत नाही, झोपत नाही. रजा काढलीय. सकाळी टाय बांधून पत्रकं घेऊन निघतो, परत आला की गॅरेजमध्ये जातो आणि आतून कडी लावतो. मी दार वाजवलं तर म्हणतो, "काम चाललंय." काय काम ते सांगत नाही.

गेल्या खेपेला तो शेवटून पहिला आला होता. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी माइकवरून "आपले पडेल नगरसेवक" म्हणालं आणि सगळे हसले. तोही हसला. नंतर गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिला. पुण्यात पाणीपुरवठ्यात उपअभियंता होता तो, ताई. इथे नऊ वर्षं माउंट वेलिंग्टनच्या गोदामात पार्सलं वेगळी करतोय. कौन्सिलमध्ये इंजिनिअरच्या जागेसाठी किती अर्ज केले! दर वेळी एकच उत्तर, इथला अनुभव नाही. मग म्हणाला, नोकर म्हणून आत घेत नाहीत तर निवडून येऊन जातो.

परवा ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "या वेळी पडलो तर मी राहणार नाही." या देशात राहणार नाही, की राहणारच नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ओवी समोर होती. चौदा वर्षांच्या पोरीला काय कळायचं ते कळलंच.

तुम्ही त्याला वाढवलंय. तो तुमचं ऐकतो. काय करू, सांगा.

तुमची
विभावरी


लोअर हट
शनिवार, २९ सप्टेंबर

विभावरी,

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. रागावू नकोस, पण स्पष्ट लिहिते. बंद दाराआड पुरुष काय करतो हे समजायला फार अक्कल लागत नाही. बाटली असणार. आमच्या मोठ्या काकांचं असंच झालं होतं. गॅरेजमध्ये नीट शोध, रंगाच्या डब्यांमागे बघ. सापडली तर मोरीत ओत आणि एक शब्द बोलू नकोस.

दुसरं म्हणजे, तू त्याच्या पाठीशी उभी आहेस असं त्याला वाटतंय का? मागच्या वेळी तू त्याच्याबरोबर एकाही दारावर गेली नव्हतीस, हे त्याने मला सांगितलं होतं. आई गेली तेव्हा चंदू नऊ वर्षांचा होता. हरला की जेवायचा नाही, साध्या कॅरममध्येसुद्धा. तेव्हा मी मुद्दाम हरायची. तसं थोडं करावं लागतं.

मला यायचं होतं, पण जगदीशना झटका आल्यापासून त्यांना तासभरही एकटं सोडता येत नाही. तो काय बोलला ते मनावर घेऊ नकोस. आणि घेतही राहा. त्याच्यावर लक्ष ठेव.

मृदुलाताई


बॉटनी डाउन्स
बुधवार, ३ ऑक्टोबर

ताई,

बाटली नाही. बाटली असती तर बरं झालं असतं.

तो दाढी करत असताना मी गॅरेजची किल्ली घेतली. आत सहलीला खाणं गार ठेवायची आपली चिली बिन आहे ना, निळी, ती त्याने टेबलाखाली सरकवून वर जुनी चादर टाकली होती. उघडली. आत कौन्सिलची पाकिटं. एकवीस. आपली नाहीत, ताई. प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळा पत्ता. काही आपल्या ओळखीच्या मराठी, गुजराती घरांची, काही अगदी अनोळखी. गावाला गेलेल्या एका कुटुंबाची तर चारही.

मी एक पाकीट हातात धरून न्हाणीघराच्या दारात उभी राहिले. तो आरशातूनच म्हणाला, "लोक फेकून देतात गं. रीसायकलच्या डब्यात जातात ही. मी मागितली, त्यांनी दिली. 'तुम्हीच भरा' म्हणाले."

"सगळ्यांनी दिली?"

तो गालावरून ब्लेड फिरवत राहिला.

त्यातलं एक पाकीट चौदा नंबरच्या मोरेश्वरकाकांचं आहे. आमच्या गल्लीतल्या शिरीषचे वडील. गेल्या वर्षी कायमचे आले. वय शहात्तर, वाईजवळच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. गेला आठवडाभर मी कामावर जाताना बघते, ते सकाळपासून टपालपेटीशी उभे असतात. स्वेटर, कानटोपी, पायात मोजे आणि त्यावर जँडल्स, त्या रबरी चपला. मी हात केला की विचारतात, "आज टपाल येईल ना, बाई?" मला वाटायचं, गावाहून कुणाच्या पत्राची वाट बघतायत.

ताई, हा गुन्हा आहे. कैदसुद्धा होऊ शकते, पाकिटातल्या सूचनांतच लिहिलंय. आणि अडवलं तर त्या दिवशीचं त्याचं वाक्य माझ्या कानात आहे. मी दोन्ही बाजूंनी अडकलेय. लवकर लिहा.

विभावरी


लोअर हट
शुक्रवार, ५ ऑक्टोबर

विभावरी,

जाळून टाक.

तो बाहेर गेला की मागच्या अंगणात बार्बेक्यूमध्ये घाल आणि राख फुलझाडांत पसर. पाकिटं नाहीत तर गुन्हा नाही. ती माणसं तशीही मत देणार नव्हती, म्हणजे कुणाचंच काही गेलं नाही. त्या हेडमास्तरांना म्हणावं, कौन्सिलला फोन करा, दुसरं पाकीट मिळतं.

चंदूला सांग, ताईने जाळायला लावली. शिव्या मला घालू दे.

कुणाकडे काही बोलू नकोस. शिरीषकडे नाही, बालवाडीतल्या मैत्रिणींकडे नाही. तू तोंड उघडलंस आणि माझ्या भावाला काही झालं, तर मी तुला या जन्मी माफ करणार नाही. कडू वाटेल, पण लिहून ठेवते. हे पत्रही जाळ.

मृदुलाताई


बॉटनी डाउन्स
सोमवार, ८ ऑक्टोबर

ताई,

पाकिटं जाळली नाहीत. तुमचं पत्रही नाही.

आधी मी लपवलेलं सांगते. मी एकवीस लिहिलं, ते खोटं नव्हतं, पण ती उरलेली होती. मुळात अडतीस होती. सतरा मी भरली. माझ्या हाताने.

गॅरेज मी गेल्या बुधवारी नव्हे, त्याआधीच्या शनिवारी उघडलं होतं. रविवारी दुपारी तो माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि माझे गुडघे धरून म्हणाला, "सगळ्यांवर माझंच अक्षर दिसेल. तू थोडी भर. एवढं कर, पुन्हा काही मागणार नाही." तुमचं पत्र अजून यायचं होतं, पण तुम्ही जे लिहिणार होतात तेच मी मनात म्हटलं, तसं थोडं करावं लागतं. निळं पेन, काळं पेन, कुठे डाव्या हाताने. चंद्रहासच्या नावापुढे बरोबरची खूण. त्याच पाकिटातल्या हेल्थ बोर्डाच्या उमेदवारांना एक, दोन, तीन असे आकडे घालायचे असतात, तेही घातले, मनाला येतील तसे. सोमवारी बालवाडीत जाताना टपालात टाकली. त्या दिवशी मुलांना रंग ओतून देताना मी वाटीऐवजी टेबलावरच ओतले, तेव्हा मुख्य बाई म्हणाल्या, घरी जा.

आता कालचं ऐका. मोरेश्वरकाका आमच्याकडे आले. चंद्रहासला म्हणाले, "तुम्ही उमेदवार, तुम्हाला नियम माहीत. माझी मतपत्रिका आली नाही. दाद कुणाकडे मागायची?"

चंद्रहासने त्यांना बसवलं. म्हणाला, "मी चौकशी करतो, काका. टपालात गहाळ होतात कधी कधी."

मी चहा टाकला. काका सांगत बसले. अठ्ठावीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केली. एसटीतून मतपेट्या घेऊन जायचे, शाळेत सतरंजीवर झोपायचे, पहाटे उठून लाखेची सीलं तपासायचे. "हजारो लोकांच्या बोटाला शाई लावली मी. पण ड्यूटी नेहमी परगावी लागायची. माझं स्वतःचं मत जवळजवळ दर खेपेला राहायचं. इथे घरबसल्या मत देता येतं म्हणे. म्हटलं, बघा, म्हातारपणी फिटलं." असं म्हणून हसले. ज्या खुर्चीवर बसून ते हसले, तिच्यापासून दहा पावलांवर, भिंतीपलीकडे, त्यांचं पाकीट होतं.

ते गेल्यावर मी चंद्रहासला म्हटलं, "त्यांचं तरी दे."

"आता देऊन काय सांगू? कुठे होतं?"

"खरं सांग."

तेव्हा तो ओरडला, "सगळं माझ्यावर काय ढकलतेस? पाकिटं गोळा करायची कल्पना ताईची होती!"

ताई, हे खरं आहे का?

विभावरी


लोअर हट
बुधवार, १० ऑक्टोबर

विभावरी,

खरं आहे.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला होता. आवाज इतका खोल गेलेला की मला ओळखू येईना. म्हणाला, "ताई, मी दारोदार फिरतो, लोक हसून बोलतात, चहा देतात, पण पाकीट भरायचे कष्ट कुणी घेत नाही." मी पटकन बोलून गेले, "मग तूच मागून घे ना. नाहीतरी कचऱ्यात टाकतात." तो म्हणाला, "तसं चालतं?" मी म्हटलं, "कोण बघतंय?"

मी सरकारी ऑफिसात अकरा वर्षं काम केलंय. तसं चालत नाही, हे मला नक्की माहीत होतं. त्याचा आवाज जरा वर यावा म्हणून बोलले. आला. "थँक्स, ताई" म्हणाला. लोकांच्या टपालपेट्यांतून उचलायला मी सांगितलं नव्हतं, पण हे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि तुला बाटली शोध म्हणून लिहिलं ना, ते पत्र मी दोनदा फाडून पुन्हा लिहिलं होतं. गॅरेजात काय असेल याचा अंदाज मला आला होता. मी तो मनावर घेतला नाही. जाळ म्हणाले, तेव्हा चंदूइतकीच स्वतःलाही वाचवत होते.

काल रात्री जगदीशना सगळं सांगितलं. झटक्यानंतर त्यांचे शब्द अडखळतात. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मास्तरांचं... मत."

जाळू नकोस. तुला योग्य वाटेल ते कर, मी आड येणार नाही. एकच विनंती. जे करशील ते त्याला सांगून कर. आणि त्या दिवशी त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस.

मृदुला


बॉटनी डाउन्स
रविवार, २१ ऑक्टोबर

ताई,

फोनवर तुम्हाला तुटक तुटक कळलंच आहे. आज सगळं नीट लिहिते.

तुमचं पत्र शुक्रवारी, बारा तारखेला मिळालं. मतं पोचायची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत. मी बालवाडीतून तशीच घरी आले. चंद्रहास स्वयंपाकघरात उभा होता. मी म्हटलं, "मी पाकिटं कौन्सिलच्या ऑफिसात नेते आहे. सतरा मी भरली, तेही सांगणार आहे." तो गॅरेजच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. मी ढकललं नाही. तिथेच उभी राहिले आणि जे इतके दिवस विचारलं नव्हतं ते विचारलं, "राहणार नाही म्हणालास, म्हणजे काय?"

तो म्हणाला, "मलाही नक्की माहीत नव्हतं."

आणि दारातून बाजूला झाला.

मी आधी चौदा नंबरला गेले. काकांच्या हातात पाकीट दिलं. त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, फोडलेलं नव्हतं. "कुठे होतं?" "आमच्या गॅरेजमध्ये." "एकच?" "अडतीस." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "बाहेर थांब. मी मत देतोय." दार लावून घेतलं. दहा मिनिटं मी थंडीत पायरीवर उभी. बंद पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे तिथल्या पेटीत टाक. बाकीचं मी आपणहून कुणाला सांगणार नाही. पण विचारलं, तर खोटं बोलणार नाही. सांगायचं काम तुझं."

परत आले तर चंद्रहास गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला. "मोटरवेवर तुझी घाबरगुंडी उडते," म्हणाला. एवढंच. चिली बिन मी मांडीवर घेतली होती. ऑफिसात पोचल्यावर आधी काकांचं पाकीट पेटीत टाकलं.

काउंटरवरच्या बाईंनी आधी "किया ओरा" असा नमस्कार करून हसून विचारलं, काय मदत करू? पाकिटं पाहिल्यावर त्यांचं हसू गेलं. मतदान अधिकाऱ्यांना बोलावलं. आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. मी बोलायच्या आधीच चंद्रहास इंग्रजीत म्हणाला, "सगळी मी गोळा केली. सतरा भरून पाठवली, तीही मीच. माझ्या बायकोला आजपर्यंत काही माहीत नव्हतं." आणि माझ्याकडे न बघता मराठीत, "गप्प राहा. ओवीला कुणीतरी लागेल."

ताई, लग्नाला सतरा वर्षं झाली. माझ्यासाठी असं त्याने कधी काही केलं नव्हतं. मला गप्प राहायचं होतं. खरंच राहायचं होतं. ओवीचा चेहरा समोर होता. अधिकारी लिहीत होते, पेनचा आवाज येत होता. आणि माझ्या मनात सारखं एकच, की बंद दाराआड तो म्हातारा खूण करायला दहा मिनिटं घेतो, आणि मी एका दुपारी सतरा माणसांची मतं उरकली.

मी म्हटलं, "सतरा माझी आहेत."

चंद्रहासने टेबलावर हात आपटला. मग दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. पोलीस आले तेव्हाही रडतच होता. त्यांनी दोघांचे जबाब घेतले आणि रात्री घरी सोडलं.

शनिवारी निकाल लागला. तो दोन हजारांहून जास्त मतांनी पडला. अडतीसच्या अडतीस मोजली असती तरी शेवटचाच राहिला असता. निकाल कळल्यावर मी आणि ओवी त्याच्या दोन बाजूंना सोफ्यावर बसून होतो, संध्याकाळपर्यंत. मी घरातल्या झोपेच्या गोळ्या पर्समध्ये घेऊन बसले होते. सोमवारी डॉक्टरकडे नेलं. तिथे मात्र तो बोलला. मला बाहेर बसवून पाऊण तास बोलला. औषध सुरू झालंय.

बालवाडीने मला रजेवर जायला सांगितलंय. परत बोलावतील असं वाटत नाही.

विभावरी


लोअर हट
बुधवार, २४ ऑक्टोबर

विभावरी,

मी पोलिसांना पत्र लिहिलं. ऑगस्टच्या फोनवर मी काय बोलले, आणि तुला काय जाळायला सांगितलं, दोन्ही. जगदीशनी खाली साक्षीदार म्हणून सही केली, वाकडीतिकडी. काय होईल ते होवो.

तुला या जन्मी माफ करणार नाही असं मी लिहिलं होतं. ते पत्र तू ठेवलंयस. ठेव. मला अधूनमधून दाखव.

ओवीला शाळेत त्रास होतोय, असं ती फोनवर म्हणाली. मुलं तिला काय काय म्हणतात तेही सांगितलं. तुम्हाला सांगितलं नसेल. इथे मागची खोली रिकामी आहे.

मृदुला


बॉटनी डाउन्स
रविवार, २० एप्रिल २००८

ताई,

ओवी पोचल्याचा तुमचा फोन आला आणि जिवात जीव आला. ट्रेनमध्ये बारा तास एकटी होती. ती स्वतःहून काही सांगणार नाही, म्हणून निघतानाचं लिहिते. तुम्हाला माहीत असावं.

शिक्षा मार्चमध्ये झाली, हे कळवलं होतं. तुमच्यावर खटला भरला नाही हे बरं झालं, तुम्हाला तसं वाटत नसलं तरी. मला दीडशे तास समाजसेवा. चंद्रहासला तीनशे तास, आणि सहा महिने संध्याकाळी सात ते सकाळी सात घराबाहेर पडायचं नाही. त्या वेळात बाहेर पडला तर पोलिसांना कळावं म्हणून पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा आहे. बालवाडीचं दार माझ्यासाठी बंद झालं. मी आता एका बेकरीत पाव पिशव्यांत भरते.

ट्रेन सकाळी साडेसातची. साडेसहाला निघणं भाग होतं. म्हणजे तो स्टेशनवर येऊ शकत नव्हता. पाचलाच उठून त्याने तिच्यासाठी धपाटे केले, तीन करपले. ओवीने डबा घेतला, बॅग घेतली. सहा महिन्यांत ती त्याच्याशी जेमतेम बोलली असेल. दारात म्हणाली, "बाय, डॅड."

तो म्हणाला, "बाय नको गं. 'येते' म्हण."

तिने बराच वेळ बुटाची लेस बांधली. मग म्हणाली, "आय डोंट नो, बाबा." आणि गाडीत जाऊन बसली.

मी आरशात बघितलं. तो उंबरठ्याच्या आत उभा होता, पट्ट्याचा पाय मागे घेऊन.

गाडी सुटल्यावर मी स्टेशनवर थोडा वेळ नुसती बसले. परत येताना पाकुरंगा रोडवर, घरापासून चांगलं पाच किलोमीटरवर, फुटपाथवरून एक माणूस झपाझप चालत येताना दिसला. घरातला शर्ट, जँडल्स, घामाने भिजलेला. मी गाडी बाजूला घेतली.

"कुठे निघालास?"

"स्टेशनवर. सात वाजले तसा निघालो."

"गाडी गेली, चंद्रहास. मघाशीच गेली."

"माहीत आहे," म्हणाला. तरी गाडीत बसेना. रस्त्याकडे बघत होता, अजून किती राहिलंय ते बघावं तसा. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. मी उतरले, त्याचा हात धरला आणि त्याला आत बसवलं.

विभावरी